थट्टा रविवारपर्यंत उरकून घ्यावी

आमच्या घरी येणारा माणूस बसण्याआधी खुर्चीवरून एकदा हात फिरवतो. पाहुणा असो, प्लंबर असो, नाहीतर माझे सासरे. सासरे तर गादी उचलून खाली बघतात, मग गादी उलटी करून बघतात आणि शेवटी उभेच राहतात. माझी बायको गेली बावीस वर्षं झोपेतून उठून पाणी प्यायला आली तरी बसण्याआधी हात फिरवते. डोळे मिटलेले, पण हात फिरतो. हा हात मी फिरवायला लावलाय. माणूस मागे काय ठेवून जातो, असं विचारतात ना, मी हे ठेवून जाणार.

नोकरी म्हणाल तर कुलपं बनवणाऱ्या कंपनीत, माल पाठवायच्या खात्यात. पण नाव झालं ते थट्टेत. आणि थट्टा म्हणजे रबरी पाल नव्हे. पाल कुणीही टाकेल. मी बायकोला एकदा सांगितलं, कंपनीने एका दीपगृहाच्या दाराला आमचं कुलूप बसवलंय आणि त्याच्या देखभालीला कायमचा माणूस हवाय, म्हणून माझी तिकडे बदली झालीय. बोटीची तिकिटं छापून घेतली होती. दीपगृहात कपडे कुठे वाळत घालायचे याचं वेगळं परिपत्रक होतं. तिने लोकरीचे कपडे बाहेर काढले, कुंड्या शेजाऱ्यांना वाटल्या, दोन घरी आमची निरोपाची जेवणं झाली. दुसऱ्या जेवणात समोरच्या करसल्लागारांनी भाषण केलं आणि भाषणात त्यांना रडू आलं. ही खरी थट्टा. हिला मेहनत लागते.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की पुढे जे झालं त्यात लोकांचा तसा दोष नाही. थोडा आहे. पण तसा नाही.

एके दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी एक बूट घातला आणि दुसरा घालायचं राहून गेलं. विसरलो नाही. बूट समोर दिसत होता. पण तो उचलायचा, पाय आत घालायचा, नाडी बांधायची, मग उठायचं, मग जिना उतरायचा, मग संध्याकाळी परत हे सगळं उलट करायचं, असं सगळं एकदम समोर आलं आणि मी बसूनच राहिलो. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली नाही. तेव्हापासून चहाला कागद उकळल्यासारखी चव. पेपर वाचावा तर एकच ओळ चारदा. आणि छातीत एक ओलं पोतं कुणीतरी ठेवून गेल्यासारखं.

कारण? हेच सगळे विचारतात. कारण काही नाही. कारण असतं तर बाहेर काढून दाखवलं असतं. घर आहे, नोकरी आहे, दात आहेत. मुलगी दुसऱ्या गावात शिकतेय आणि चक्क पास होतेय.

मी ठरवलं, फार काही करायचं नाही. फक्त एका माणसाला सांगायचं. एकाच. त्याला ते पटलं पाहिजे, बस्स. एवढी छोटी योजना मी आयुष्यात आखली नव्हती. दीपगृहाला चार महिने लागले होते. याला एक वाक्य पुरणार होतं.

बायको भाजी निवडत होती. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "अगं, मला बरं वाटत नाहीये."

"पोट?"

"पोटाबिटाचं नाही. तसंच. आतून. उदास वाटतंय."

तिने भाजी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं झालं काम. मग तिने दाराच्या मागे बघितलं, टेबलाखाली बघितलं आणि कपाटावरच्या डब्यांकडे मान वर करून म्हणाली, "मोबाइल कुठे लावलाय? रेकॉर्डिंग चालू आहे ना?"

"नाही गं. खरंच."

"दीपगृहाच्या वेळी पण खरंच होतं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. "आणि हे असलं काही माझ्या आईबाबांसमोर करू नका. बाबांना आधीच आपल्याकडे उभं राहून गुडघे दुखतात."

मी समोरच्या करसल्लागारांकडे गेलो. दीपगृहावर रडलेला माणूस, म्हणजे मन हळवं असणार. त्यांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांचा अर्धा चेहरा आणि एक कान दिसत होता. मी त्या कानाला माझं दुःख सांगितलं.

"असं होतं," कान म्हणाला. "वयाचा परिणाम. मी सांगतो तसं करा. सकाळी उठल्या उठल्या आरशासमोर उभं राहायचं आणि जोरात हसायचं. येत नसलं तरी हसायचं. मेंदूला काय, कळत नाही. मेंदू म्हणजे आयकर खात्यातल्या कारकुनासारखा, कागद समोर आला की मंजूर."

"तुम्ही करता?"

"मला काय झालंय? आणि हो, गार पाण्याने आंघोळ. आणि डाव्या कुशीवर झोपू नका. उजव्या पण नको." एवढं बोलून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "आता एक सांगा. ही जी काही थट्टा आहे, ती माझ्यावर आहे की सोसायटीच्या सेक्रेटरीवर?"

"काय?"

"नाही, माझ्यावर असेल तर आधी सांगा. मला रक्तदाब आहे."

तरी सल्ला म्हणून मी तो पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून हसलो. माझं हसू बरं असतं असं मी समजत होतो. तेव्हा जे बाहेर आलं ते सुकलेल्या नळाने हवा ओकावी तसं होतं. बरं, जोरात करा म्हणाले होते, म्हणून जोरात केलं. बाहेर बायको टॉवेल घेऊन उभी होती. तिने टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि सरळ समोरच्यांकडे गेली. साखळी निघाल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"आरशात बघून एकटेच हसताहेत," ती म्हणत होती. "मोठं काहीतरी शिजतंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं, की मी मोठं काहीतरी शिजवतोय.

मला वाटलं, ऑफिस बरं. ऑफिसात नुकतीच योजना आली होती. भिंतीवर पोस्टर लागलं होतं, एक माणूस डोकं धरून बसलाय आणि खाली लिहिलंय, मन मोकळं करा, आम्ही ऐकतो आहोत. जो कर्मचारी सांगेल त्याला कंपनीच्या खर्चाने समुपदेशकाकडे पाठवणार. मी कार्मिक विभागातल्या बाईंकडे गेलो. बाई कामाला चोख. कॉम्प्युटर उघडला, माझा नंबर टाकला.

"त्रासाचं कारण?"

"कारण नाही."

"कारण लागतं. तो रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. घरगुती, आर्थिक, आरोग्य किंवा इतर."

"इतर टाका."

"इतर टाकलं तर तपशील मागतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ठरवून या ना. नाहीतर घरगुती टाकू का? आजकाल सगळे घरगुतीच टाकतात."

घरगुती टाकलं असतं तर बायकोचा अपमान झाला असता. शिवाय ते खोटं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटं न बोलता काहीतरी मागत होतो. मी नको म्हटलं. मग साहेबांची शिफारस आणा, म्हणजे वरून उघडून देता येतं, असं त्यांनी सांगितलं. साहेबांना मागच्या वर्षी मी एक परिपत्रक दिलं होतं, जागेच्या टंचाईमुळे सोमवारी प्रत्येकाने आपापली खुर्ची घरून आणावी. खाली मोठ्या साहेबांची सही मीच ठोकली होती. साहेब स्वतः घडीची खुर्ची बगलेत मारून बसमधून आले होते.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाले, "उदास आहात?"

"हो साहेब."

"याचा काही पुरावा?"

मी चेहरा पुढे केला. दुसरं काय दाखवणार. साहेब बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलायला लागला. "मानलं बुवा," ते म्हणाले. "असं करा, या योजनेत शुक्रवारी एक ताणमुक्ती सत्र ठेवायचंय. बाहेरून माणूस आणायचा म्हणजे खर्च. तुम्हीच घ्या."

मी शुक्रवारी सत्र घेतलं. नाही म्हणायचा जोर नव्हता अंगात. सगळं खातं समोर बसलेलं. बसण्याआधी सगळ्यांनी खुर्चीवरून हात फिरवला. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मला फार उदास वाटतंय."

पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"सकाळी बूट घालावासा वाटत नाही," मी म्हणालो. लोक हसले. "चहाला चव लागत नाही." मांड्या थोपटल्या गेल्या. "घरी सांगितलं तर बायको मोबाइल शोधते." तेव्हा तर पॅकिंगमधल्या एका माणसाला उचलून बाहेर न्यावं लागलं, त्याला उचकी लागली होती. कार्मिक बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, इतकं मोकळं मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटतंय. शेवटी साहेबांनी मला एक मग दिला. त्यावर हसरा चेहरा होता आणि लिहिलं होतं, ताणमुक्ती मित्र. मी जागेवर येऊन बसलो आणि त्या मगमध्ये पेनं ठेवली. एवढे लोक माझ्या दुःखाने बरे झाले. मी एकटाच उरलो.

मग मी आपल्या खर्चाने जायचं ठरवलं. बाजारामागच्या रस्त्यावर औषधाच्या दुकानाच्या वर एका मनाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. जिना चढायला मला बराच वेळ लागला. आत गेलो तर पेशंटचे नंबर लावून द्यायला बसलेली मुलगी आमच्याच बिल्डिंगमधली, सेक्रेटरींची पुतणी. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा कडक झाला.

"काका, इथे नाही हं."

"अगं, मला दाखवायचंय."

"काका, प्लीज. इथे खरे पेशंट बसलेत."

खरे पेशंट माझ्याकडे बघत होते. त्यांच्यात एक टाय लावलेला गृहस्थ होता. त्याने मला बसायला जागा करून दिली आणि त्याची सगळी हकीकत सांगितली, सुरुवातीपासून, अगदी हळू आवाजात. मी ऐकलं. मध्ये कुठेही हसू आलं नाही, त्यालाही नाही, मलाही नाही. बोलून झाल्यावर त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "तुम्हाला सांगून बरं वाटलं. तुमचं काय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला आत बोलावलं. आणि मुलीने मला जिन्याचं दार उघडून धरलं. तिने काय केलं म्हणता? कर्तव्य केलं. मी तिच्या काकांना एकदा तीन दिवस लिफ्टमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन करायला लावलं होतं.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत. त्या मनाने चांगल्या, आणि मासिकांतलं मानसशास्त्राचं पान कापून ठेवतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "भावजी, ऐकलं मी. माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. "म्हणजे पन्नास टक्के आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही असं करा, चित्र काढा. जे आत आहे ते कागदावर उतरवायचं. काय येतंय ते बघायचं नाही, हात चालवायचा."

मी मुलीचे जुने रंग काढले. हात चालवला. जे आलं ते काळं आणि गोल होतं. आणखी चालवला, आणखी काळं झालं. कागद मऊ होऊन मधून फाटेपर्यंत मी तेच करत होतो, आणि खरं सांगतो, तेवढा वेळ बरं वाटलं. मी ते वाळायला गॅलरीत ठेवलं. वाऱ्याने ते खाली गेलं आणि वॉचमनला सापडलं.

वॉचमनने ते सेक्रेटरींना दाखवलं. सेक्रेटरींनी करसल्लागारांना. दोघांनी कागद उजेडात धरला, उलटा केला.

"खड्डा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठला पण?"

"तेच लिहिलेलं नाही. हुशार आहे."

त्या दिवसापासून बिल्डिंगचं रूपच बदललं. माणसं आवारातून चालताना आधी छत्रीची टोकं टेकवून बघायची. वॉचमन बेल लाकडी पट्टीने वाजवायचा. पाण्याची टाकी रोज उघडून बघायचे. मी जिन्यातून उतरलो की वरखालची दारं बंद व्हायची, आणि मी गेल्यावर लोक मी जिथे उभा होतो ती जागा तपासायचे. बरं, मी काही करत नव्हतो, हेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटत होतं. इतके दिवस हा गप्प आहे, म्हणजे केवढं असेल. मी जितका खचत होतो, तितकी माझी कीर्ती वाढत होती.

शेवटी त्यांनी सभा बोलावली. गच्चीवर, सगळे सभासद हजर, सगळे उभे. सेक्रेटरींनी घसा साफ करून ठराव वाचला. तो मला पाठ आहे. "संबंधित सभासदाने जी काही थट्टा योजली असेल, ती येत्या रविवारपर्यंत उरकून घ्यावी, म्हणजे रहिवाशांना निर्धास्त राहता येईल. सदर थट्टेत पाणी, वीज व ज्येष्ठ नागरिक यांचा वापर करू नये." करसल्लागारांनी अनुमोदन दिलं.

मी पुढे आलो. म्हटलं आता सांगून टाकावं, सगळ्यांसमोर, एकदाच. "मी काहीही योजलेलं नाही," मी म्हणालो. "खड्डा नाही. काही नाही. ते चित्र माझ्या मनाचं होतं. मला गेले कित्येक दिवस फार वाईट वाटतंय आणि ते जात नाहीये. मला फक्त कुणीतरी..."

वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. मग सेक्रेटरी खालच्या आवाजात शेजारच्याला म्हणाले, "बघितलंत? चेहऱ्यावरचा एक स्नायू हलत नाही. याला म्हणतात कला."

बायको शेवटच्या रांगेत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं, पायाखाली काही आहे का ते.

शनिवारपर्यंत मला कळून चुकलं, की काहीतरी करून टाकल्याशिवाय यांची सुटका नाही आणि माझीही नाही. रविवारी सकाळी मी उठलो. डोक्यात एक कल्पना येईना. मी, ज्याने दीपगृह रचलं, तो माणूस जिन्यात उभा होता आणि त्याला फक्त चपला दिसत होत्या. मी करसल्लागारांच्या दारातल्या चपला उचलून सेक्रेटरींच्या दारात ठेवल्या, आणि सेक्रेटरींच्या करसल्लागारांच्या दारात. बस्स. वाकल्यावर कंबरेत चमक भरली ती वेगळी.

थोड्या वेळाने आरडाओरडा झाला. मग हसण्याचा आवाज आला. मग तो मजल्यामजल्याने वर चढत गेला, जणू बिल्डिंगने रोखलेला श्वास सोडला होता. लोक चपला न तपासता बाहेर आले. करसल्लागार साखळी काढून धावत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. "फसवलंत हो," ते म्हणाले. "इतके दिवस खड्डा खड्डा, आणि शेवटी चपला." सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी चमकेवर. ठराव निकाली निघाला. शिवणकामवाल्या वहिनी म्हणाल्या, "बघा, चित्राने मोकळं झालं ना?" मी सगळ्यांना हो म्हणालो. सगळे आनंदात घरी गेले. जिन्यात मी एकटा उरलो, आणि पोतं जिथल्या तिथे होतं. ते लोक आता पुन्हा कधी विचारणारही नव्हते. कारण मी बरा झालो होतो.

घरात आलो, स्वयंपाकघरात जाऊन बसलो. चष्मा काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि डोळे चोळत राहिलो. बायको खालून आली. ती सगळं बघून आली होती. हसली नव्हती.

"चपला?" तिने विचारलं.

"हो."

"नुसत्या बदलल्या?"

"हो."

"डावी-उजवी पण नाही केली?"

"नाही."

"दोन्ही आपापल्या जोडीनेच ठेवल्या?"

मी मान हलवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात रद्दड काम होतं ते, आणि ते तिच्या तोंडून असं जोडी जोडी करून ऐकताना मला कलाकार म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती उभीच होती. गॅसवर काहीतरी उतू जात होतं. तिने गॅस बंद केला, ओट्याला टेकली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दाराच्या मागे बघितलं नाही, कपाटावर बघितलं नाही.

"दीपगृहाच्या वेळी तुम्ही बोटीच्या तिकिटाला समुद्राच्या पाण्याचा डाग पण पाडला होता," ती हळूच म्हणाली. "मिठाचं पाणी शिंपडून, वाळवून. मी नंतर चाटून बघितला होता."

"हो."

"तो माणूस चपला नुसत्या नाही बदलणार."

आणि ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. सरळ बसली. हात फिरवला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कडकन आवाज झाला.

"चष्मा होता," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. उठली नाही. "कधीपासून?"

"त्या सकाळपासून. एक बूट घालून बसलो होतो ना."

"बघितलं होतं मी." तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात ओट्याला टेकून गार झाला होता. "मला वाटलं, दुसऱ्या बुटात माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. म्हणून मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. तुम्ही बोलावाल म्हणून."

"नव्हतं काही त्यात."

"हो," ती म्हणाली. "दवाखान्यातून तुम्हाला परत पाठवलं ते कळलं मला. उद्या मी येते तुमच्याबरोबर. त्या पोरीला मी सांगते काय सांगायचं ते."

खाली जिन्यात लोक अजून चपलांवरून हसत होते. ती माझ्या बाजूला जरा सरकली, आणि खुर्चीतून दुसरी काच गेल्याचा आवाज आला.